वेहेरगाव : घाटमाथ्यावरील एक किनारी वस्ती

किनाऱ्यावरील वस्तीचा परिचय लिहावयाचा तर अभ्यासक सामान्यतः खाडीचे मुख, होड्या ओढून ठेवण्याची पुळण, मासळी वाळविण्याचे ओटे आणि माडांच्या बागा यांपासून आरंभ करतो. प्रस्तुत लेखात ज्या गावाचा परिचय करून द्यावयाचा आहे तेथे यांपैकी काहीच नाही. वेहेरगाव हे पुणे जिल्ह्यातील मावळ तालुक्यात, सह्याद्रीच्या माथ्यावरील इंद्रायणीच्या खोऱ्यात वसलेले भातशेतीचे लहानसे खेडे होय. तेथून समुद्र दिसत नाही. असे असूनही या गावाच्या वर्षाचे वेळापत्रक, त्याची कमाई, त्याचे सण, इतकेच नव्हे तर त्याचा उपलब्ध इतिहासही, घाटाखालच्या किनाऱ्याने ठरविला आहे. एखादी वस्ती कोठे आहे हे नकाशावरून कळते. ती कोणाची आहे हे कळण्यास मात्र तिच्याकडे येणारी माणसे कोणत्या वाटेने येतात हे पाहावे लागते.

पुण्याहून मुंबईच्या जुन्या महामार्गाने गेल्यास लोणावळ्याच्या अलीकडे सुमारे दहा किलोमीटरांवर कार्ला फाटा लागतो. दक्षिणेस इंद्रायणीचे पात्र, त्यापलीकडे मळवली स्थानक, त्याच्याही पलीकडे भाजे गाव आणि विसापूर-लोहगडाची जोडी. फाट्यावरून उत्तरेस वळले की भाताच्या खाचरांतून जाणारा रस्ता डोंगराच्या कुशीत शिरतो आणि तेथेच वेहेरगाव आहे. शेजारच्या दहिवलीसह त्याची एकच ग्रामपंचायत आहे. गावाच्या डोक्यावर, दरीच्या तळापासून सुमारे शंभर मीटर उंचीवर, बसाल्टच्या कड्यात प्रसिद्ध कार्ले लेणी कोरलेली असून लेण्याच्या अंगणातच एकवीरा देवीचे देऊळ आहे. बाहेरचे लोक लेणी आणि देवी या दोहोंनाही कार्ल्याचे नाव देतात. वास्तविक कार्ले हे महामार्गालगतचे निराळे गाव. डोंगर वेहेरगावचा आहे. नावाचा मान शेजाऱ्याला आणि वर्दळीचा भार आपल्याला, ही वाटणी गावकऱ्यांनी फार पूर्वीच स्वीकारलेली दिसते.

गावाच्या नावाची व्युत्पत्ती ‘विहार’ या शब्दापासून दिली जाते. ‘विहीर’ शब्दाचा संबंधही ध्वनिदृष्ट्या अगदीच अशक्य नाही. परंतु भिक्षूंच्या विहारांखालीच वसलेल्या गावाच्या बाबतीत इतक्या दूर जाण्याचे कारण नाही. मात्र लेणी कोरली गेली त्या काळी हे स्थान वेगळ्याच नावाने ओळखले जाई. शिलालेखांतून त्याचा उल्लेख ‘वलूरक’ असा येतो, आणि ज्या प्रशासकीय विभागात ते मोडत असे त्याचे नाव ‘मामाल-आहार’ असे आहे. ‘मामाल’ म्हणजेच आजचे मावळ. देशाच्या एखाद्या भागाचे नाव जवळजवळ दोन हजार वर्षे लोकांच्या तोंडी टिकून राहावे, ही गोष्ट महाराष्ट्रातही विरळाच आहे.

या लेखांपैकी दोन लेख ग्रामजीवनाच्या अभ्यासकास चैत्यगृहाच्या शिल्पवैभवाहूनही मोलाचे वाटावेत असे आहेत. पहिला लेख क्षहरात क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात याचा. आपण केलेली गोदाने, तीर्थावरील दाने आणि ब्राह्मणांस दिलेली गावे यांची मोठी यादी सांगून झाल्यावर तो सांगतो की, वलूरकाच्या लेण्यांत वर्षावास करणाऱ्या, कोठूनही आलेल्या भिक्षूंच्या निर्वाहासाठी ‘करजिक’ हे गाव दिले आहे. दुसरा लेख सातवाहनांचा. नहपानाची सत्ता मोडून गौतमीपुत्र सातकर्णीने हा प्रदेश जिंकल्यानंतर मामाल येथील अमात्यास आज्ञा जाते की, मामाल-आहारातील उत्तरेकडील मार्गावरचे ‘करजक’ हे गाव वलूरकाच्या महासांघिक भिक्षूंस देण्यात येत आहे. दोन्ही लेखांतील गाव एकच असावे असे मानले जाते. कामशेतजवळील करंजगावाचे नाव या संदर्भात कोणासही आठवेल. राज्य पालटले, दाता पालटला. गाव मात्र तेच राहिले. पुढे वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या राजवटीच्या सातव्या वर्षी महारठी सोमदेव यानेही वलूरकाच्या संघास एक गाव त्यावरील करांसह दिल्याचे आढळते.

या दानलेखांत जो बोलत नाही त्याच्याकडे लक्ष वेधावेसे वाटते. दाता बोलतो, राजा आज्ञा करतो, संघ स्वीकारतो. करजिकाचा शेतकरी, ज्याच्या खाचरातील धान्य यापुढे गढीऐवजी डोंगरावर जाणार होते, तो या लेखात नाही. पावसाळ्यात भिक्षूंनी एका जागी राहावयाचे, आणि याच काळात मावळातला शेतकरी गुडघाभर चिखलात आवणी करीत असावयाचा. कोणी ठरवून केले नसले तरी या दोन जीवनक्रमांची सांगड अशी बसली होती की, गावाने पिकवावे आणि डोंगराने खावे. या नात्याचे पुढे काय झाले हे लेखाच्या ओघात येईलच.

चैत्यगृहाचे वर्णन येथे विस्ताराने करण्याचे प्रयोजन नाही. ते अनेकांनी केले आहे. सुमारे १२६ फूट लांब आणि ४५ फूट रुंद असे हे भारतातील सर्वांत भव्य शैलचैत्य इसवी सनाच्या पहिल्या शतकात पुरे झाले असावे. त्याच्या छताखालच्या मूळ लाकडी फासळ्या आणि स्तूपावरील लाकडी छत्र आजही जागेवर आहेत. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते दात्यांचे मूळ गाव. चैत्यगृह कोण्या एका राजाने कोरविलेले नाही. वैजयंतीचा, म्हणजे आजच्या कर्नाटकातील बनवासीचा, श्रेष्ठी भूतपाल आपण जंबुद्वीपातील हे उत्तम शैलगृह पूर्णत्वास नेल्याचे सांगतो. पण आतील खांब एकेकट्याने दिलेले आहेत. सोपाऱ्याहून आलेल्या सातिमित नावाच्या भाणकाने अस्थी ठेवलेला एक स्तंभ दिला. धेनुकाकट नावाच्या गावच्या लोकांनी तर किती द्यावे! तेथील गंधिक सिंहदत्त याने द्वाराचे दान केले, वेणुवासाचा पुत्र सामी या सुताराने दरवाजाचे काम केले, तेथील व्यापाऱ्यांच्या समूहाने स्तंभ दिला, आणि स्वतःस ‘यवन’ म्हणविणाऱ्या कित्येकांनी स्तंभ दिले. त्यांची नावे मात्र सिंहध्वज आणि धर्म अशी अस्सल भारतीय आहेत. पुळुमावीच्या चोविसाव्या वर्षी नऊ खोल्यांचा मंडप देणारा हरफरण हा तर नावावरून इराणी वळणाचा दिसतो.

सोपारे हे बंदर होते याविषयी वाद नाही. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात सोपारे, कल्याण आणि चौल यांची नावे ओळीने येतात. या बंदरांत उतरलेला माल देशावर तेर आणि पैठण येथवर नेण्याचे जे मार्ग होते त्यांपैकी बोरघाटाचा मार्ग याच खोऱ्यातून जात असे. धेनुकाकटाचे स्थान मात्र अभ्यासकांच्या वादाचा विषय आहे. कोणी ते किनाऱ्यावर शोधतात, कोणी थेट आंध्रात. प्रा. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी ते लेण्यांच्या जवळपासच असले पाहिजे असे १९५० नंतरच्या दशकात प्रतिपादले, आणि जवळच्या देवघर या खेड्याकडे बोट दाखविले. कोसंबी पुण्याहून मुंबईस आगगाडीने नित्य जात असत; मळवलीवरून जाताना या डोंगराकडे त्यांची दृष्टी किती वेळा गेली असेल, याची कल्पना करण्याचा मोह होतो. त्यांचे अनुमान सर्वमान्य झालेले नाही. प्रस्तुत लेखकासही ते सिद्ध झाले असे वाटत नाही. तथापि देवघर हे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे, कारण ते पुन्हा येणार आहे.

आता देवीकडे वळू. चैत्यगृहाच्या दर्शनी बाजूस दोन सिंहस्तंभ असावेत असा अंदाज आहे. डावीकडचा सोळा पैलूंचा स्तंभ, त्यावरील चार सिंहांसह, आजही उभा आहे; तो महारठी अग्निमित्रणक याचे दान होय. उजवीकडच्या स्तंभाच्या जागी एकवीरेचे देऊळ आहे. गाभाऱ्यात एकवीरेशेजारी जोगेश्वरी, लोकांच्या तोंडी जोगूबाई, आहे. एकवीरा ही रेणुकेचे रूप मानली जाते, आणि पांडवांनी वनवासात असताना हे देऊळ एका रात्रीत बांधले अशी आख्यायिका सांगतात. मूळ देवस्थान आधीचे की लेणे आधीचे, हा प्रश्न देवळाच्या आजच्या इमारतीवरून सुटणारा नाही. कोसंबींनी ‘मिथ अँड रिअॅलिटी’ या १९६२ सालच्या ग्रंथात दाखवून दिले की, पश्चिम महाराष्ट्रातील मातृदेवतांची जुनी ठाणी ही बहुधा प्राचीन वाटांच्या संगमावर आढळतात, आणि बौद्ध लेणीही त्याच वाटांना धरून आहेत. म्हणजे भिक्षू एखाद्या निर्जन अरण्यात गेले असे नसून, माणसे आधीच जेथे थांबत आणि नवस बोलत तेथे गेले. भिक्षू गेले, वाट राहिली, आणि वाटेवरची देवीही राहिली.

ही देवी कोणाची? पूजेचा अधिकार गुरवांकडे आहे, तरी मुख्य भक्तगण मावळातला नाही. मुंबई, ठाणे, पालघर आणि रायगड या किनारी जिल्ह्यांतील कोळी आणि आगरी समाज, तसेच चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंची कित्येक कुळे, यांची ती कुलस्वामिनी होय. वसईपासून अलिबागपर्यंतच्या कोळीवाड्यांत देव्हाऱ्यात एकवीरा सापडेल, होडीच्या नाळेवर तिचे नाव रंगविलेले दिसेल. लग्न झाले की नवरा-नवरीने डोंगर चढावयाचा, नवी होडी पाण्यात सोडली की चढावयाचा, मूल झाले की त्याला खांद्यावर घेऊन चढावयाचा. समुद्रावर उपजीविका करणाऱ्या लोकांनी आपले दैवत समुद्राकडे पाठ करून, घाट चढून, भाताच्या देशात का ठेवावे, याचे कोणी एक निश्चित उत्तर देऊ शकेल असे वाटत नाही. देवळाचे तोंड मात्र पश्चिमेस आहे. कोळी भाविक म्हणतात की आई आमच्याकडे पाहते आहे. चैत्यगृहाचेही तोंड त्याच दिशेस असल्याने अभ्यासकास यात कड्याच्या रचनेहून अधिक काही दिसणार नाही. पण भाविकाचे म्हणणे दिशादर्शकाच्या दृष्टीने तरी खोटे नव्हे.

मुख्य यात्रा चैत्र शुद्ध षष्ठीपासून अष्टमीपर्यंत भरते. षष्ठीस पालखी निघते ती डोंगरावर नव्हे, तर देवघर गावी. तेथील काळभैरवनाथ हा देवीचा भाऊ आणि देवघर हे तिचे माहेर अशी श्रद्धा आहे. सप्तमीस गडावर देवीची पालखी होते, आणि अष्टमीच्या पहाटे तेलवण होऊन यात्रा संपते. पालखीस खांदा देण्याचा मान किनाऱ्याकडील ठराविक गावांच्या मंडळींकडे परंपरेने चालत आलेला आहे. यात ध्यानात घेण्यासारखी गोष्ट अशी की, देवीचे माहेर मावळातले आणि तिचा गोतावळा कोकणातला. म्हणजे ती घाटाखाली दिलेली मुलगी आहे. फक्त येथे नेहमीचा क्रम उलटा झाला आहे: मुलगी सासरी नांदावयास गेली नाही, सासरच तिच्या भेटीस दरवर्षी घाट चढून येते. कोसंबींचे देवघर आणि भाविकांचे देवघर यांत कोणताही पुराव्याचा दुवा नाही. तरीही डोंगर आणि हे खेडे यांचे जुने नाते दोन अगदी भिन्न प्रकारच्या बुद्धींना जाणवावे, हे नोंदवून ठेवण्याजोगे आहे.

अन्यत्रही समुद्र आणि डोंगर यांची अशी गाठ घातलेली आढळते. जावा बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर, योग्यकर्ता नगराच्या खाली, परांगकुसुमो नावाचे समुद्रकाठचे एक लहान स्थान आहे. तेथे दक्षिण समुद्राच्या राणीस योग्यकर्ताच्या राजवाड्याकडून वस्त्रे आणि इतर उपचार अर्पण केले जातात. ‘लाबुहान’ नावाच्या याच विधीत उत्तरेकडील मेरापी या ज्वालामुखीसही अर्पण जाते. तेथे देशावरचा राजा समुद्राकडे उतरतो. येथे समुद्रावरची रयत डोंगराकडे चढते. तेथील विधीस राजसत्तेचा आधार आहे. येथे एकवीरेच्या यात्रेमागे कोणतीही राजाज्ञा नाही, आणि म्हणूनच ती टिकवून धरण्याचे काम वाटेवरच्या लोकांवर येऊन पडते.

वाटेचा इतिहास आता थोडक्यात सांगितला पाहिजे. बैलांच्या पाठीवरून मीठ आणि सुकी मासळी घाट चढे, आणि धान्य उतरे, हा क्रम शतकानुशतके चालला. १७७९ च्या जानेवारीत पुण्यावर चालून आलेले इंग्रजी सैन्य याच वाटेने वर आले, आणि लोककथेत ‘इष्टुर फाकडा’ म्हणून अमर झालेला कप्तान स्ट्युअर्ट ४ जानेवारी रोजी कार्ल्यासच मराठ्यांच्या तोफेला बळी पडला. बोरघाटातील गाडीरस्ता १८३० साली सर जॉन माल्कम याने खुला केला. खंडाळा-पुणे लोहमार्ग १८५८ मध्ये आणि घाटातील लोहमार्ग १८६३ मध्ये सुरू झाला. या शेवटच्या घटनेने यात्रेचे स्वरूपच पालटले असले पाहिजे. कारण ज्या वाटेस पूर्वी दिवस लागत ती आता मुंबईच्या कोळीवाड्यातून मळवलीपर्यंत काही तासांवर आली. द्रुतगती महामार्ग २००२ पर्यंत पूर्ण झाल्यावर तर सकाळी निघून दुपारच्या जेवणास घरी परतणे शक्य झाले. येणाऱ्यांची संख्या वाढली आणि त्यांचा मुक्काम घटला. गावाच्या दृष्टीने ही संमिश्र लाभाची गोष्ट आहे.

याच काळात दुसरीही एक देवघेव घडून आली, जिच्याकडे यात्रेच्या संदर्भात कोणाचे लक्ष जात नाही. टाटांच्या जलविद्युत योजनेसाठी लोणावळा, वळवण आणि शिरवटा येथे तलाव बांधण्यात आले, आणि १९१५ पासून त्यांचे पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून खोपोलीच्या वीजगृहात सोडले जाऊ लागले. लोणावळ्यास वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. त्यातले जे पाणी निसर्गक्रमाने इंद्रायणीतून पूर्वेस, कार्ल्यावरून वाहत जावयाचे, त्याचा मोठा भाग पश्चिमेस उतरून पाताळगंगेस मिळतो आणि धरमतरच्या खाडीकडे जातो. किनाऱ्याचे लोक वर येतात आणि मावळचे पाणी खाली जाते. या व्यवहारात मावळच्या शेतकऱ्यास कोणी विचारले होते काय, हा प्रश्न करजिकाच्या दानलेखाइतकाच जुना आहे.

गावाची शेती मुख्यतः भाताची. डोंगरउतारावरील वरकस जमिनीत नाचणी आणि वरी होई. ती आता कमी झाली आहे. पूर्वी आंबेमोहोर हे मावळचे भूषण होते. वडगाव येथील भात संशोधन केंद्राने विकसित केलेला ‘इंद्रायणी’ हा वाण १९८७ साली प्रसारित झाल्यापासून त्याने मावळची बहुतेक खाचरे व्यापली आहेत. हे पीक एकच, तेही पावसावरचे. मार्गशीर्षात खळे उरकले की गावाच्या हातात वर्षाचे सहा महिने मोकळे राहतात, आणि याच फटीत यात्रेचे अर्थशास्त्र बसते.

पायथ्यापासून वर चढू लागले की ते डोळ्यांना दिसते. निम्म्या चढावर, जेथवर वाहने येतात तेथे, ‘पाच पायरी’ नावाने ओळखले जाणारे देवीचे ठाणे आहे. तेथून वर काही शे पायऱ्यांच्या दोहो बाजूंस नारळ, खण, हळदकुंकू, हार-वेण्या, बांगड्या, पेढे, देवीच्या तसबिरी, ताक आणि लिंबूसरबत यांची दुकाने लागून आहेत. पायथ्याच्या घरांतून स्वयंपाकाची सोय करून दिली जाते. नवसाचे कोंबडे-बकरे घेऊन आलेली कुटुंबे येथेच जेवतात. गडावर पशुबळी देण्यास प्रशासनाची मनाई असल्याने हा सारा व्यवहार खाली, गावात, येतो. मासे खाणाऱ्या किनाऱ्याचे जेवण कसे असावे, वाटण किती तिखट असावे, भाकरी तांदळाची असावी की ज्वारीची, हे वेहेरगावच्या गृहिणीस ठाऊक झालेले आहे. बोलण्यातही हा संसर्ग जाणवतो. दुकानदारीण समोरच्या भाविकास त्याच्या बोलीचे चार शब्द परत करते, आणि त्याचे गाव अलिबागकडचे की वसईकडचे हे त्याच्या तोंडच्या पहिल्याच वाक्यावरून ओळखते. असे कान तयार होण्यास पिढ्या लागतात.

एवढे ध्यानात घेतल्यावर करजिकाच्या दानलेखाकडे पुन्हा पाहावे. तेव्हा गावाचे धान्य डोंगर चढत होते. आज डोंगराच्या आधाराने गावात धान्य येते. दोन हजार वर्षांत नात्याची दिशा पालटली. पण एक गोष्ट पालटली नाही. तेव्हाच्या लेखात जसा शेतकरी नव्हता, तसे आजच्या कागदांत गाव नाही. पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या दृष्टीने येथे संरक्षित स्मारक आहे, ज्याच्या परिसरात बांधकामास बंधने आहेत आणि जे पाहणाऱ्यास तिकीट काढावे लागते. देवस्थानाच्या दृष्टीने येथे तीर्थ आहे. पर्यटनाच्या योजनांत हे लोणावळ्यालगतचे प्रेक्षणीय स्थळ आहे. जमिनीच्या दलालाच्या दृष्टीने डोंगराचा देखावा असलेला भूखंड आहे, आणि खाचरे बुजवून उठलेले बंगले त्याची साक्ष देतात. वेहेरगाव हे नाव या सर्व कागदांत ‘पायथा’ या एका शब्दात विरघळून जाते.

२०२२ साली गडावर जाण्यासाठी रज्जुमार्ग उभारण्याचा करार शासकीय पातळीवर झाला. वृद्ध आणि अपंग भाविकांच्या दृष्टीने त्याची उपयुक्तता नाकारता येणार नाही. गुडघे धरलेल्या कोळणीस पायऱ्यांवर बसत बसत वर जाताना ज्याने पाहिले आहे, तो या योजनेस सरसकट विरोध करणार नाही. परंतु पायऱ्या म्हणजे केवळ चढण नव्हे, ती गावाची बाजारपेठ आहे. तिच्यावरून जाणारा मनुष्य थांबतो, पाणी पितो, चौकशी करतो, उधारी फेडतो, मागच्या वर्षी ठेवलेली वस्तू परत नेतो. दोरावरून जाणारा थांबत नाही. रज्जुमार्गाचे खालचे ठाणे कोठे असेल, तेथील दुकाने कोणास मिळतील, लिलावाने की वहिवाटीने, आणि पायऱ्यांवरच्या आजच्या दुकानदारांची गणना कोणी करून ठेवली आहे काय, हे प्रश्न अभियंत्याच्या आराखड्यात सहसा नसतात. ते ग्रामपंचायतीच्या सभेतच विचारले गेले पाहिजेत, आणि तेही आराखडा पक्का होण्यापूर्वी. दुकानांची अशी नोंद करण्याचे काम विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना एका सुटीत करता येण्याजोगे आहे. एखाद्या चैत्री यात्रेपूर्वी तीन-चार दिवस पायऱ्यांवर बसून प्रत्येक दुकानाचे नाव, त्याची जागा, ते किती पिढ्या चालते आणि घरातील किती माणसे त्यावर आहेत, एवढे लिहून घेतले तरी पुरे.

यात्रेनंतरचा दिवस पाहण्यासारखा असतो. अष्टमीस दुपारपर्यंत किनाऱ्याकडील गाड्या घाटाकडे वळलेल्या असतात. पायऱ्यांवर गुलाल, नारळाच्या शेंड्या, कुस्करलेल्या झेंडूच्या पाकळ्या आणि अलीकडे त्याहून अधिक प्लास्टिक पसरलेले असते. ग्रामपंचायतीची माणसे ते पोत्यांत भरू लागतात. बायका दुकानांतली उरलेली फुले खाली टाकतात, खणांच्या घड्या घालून ट्रंकांत ठेवतात. पुरुषांपैकी ज्यांची खाचरे अद्याप राहिली आहेत ते कोयते घेऊन राबासाठी पाला तोडावयास रानात जातात. राब भाजावयाचे असतात, आणि मृगास फार दिवस उरलेले नसतात.